भुकटीवर उमटलेला कोल्हा

हिंजवडीच्या फेज थ्रीपलीकडे, माणच्या शिवारात डांबर संपतं आणि डंपरची वाट सुरू होते. खडी आणि क्रशसँड वाहणाऱ्या गाड्यांतून दिवसभर राखाडी भुकटी सांडत राहते. चाकांखाली तिचं पीठ होतं आणि वाटेवर बोटभर थर बसतो. दुपारी ती नाकातोंडात जाते, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते, सगळ्यांना नकोशी होते. पण पहाटे, पहिला डंपर यायच्या आधी, त्या भुकटीसारखा कोरा कागद दुसरा नाही. रात्री त्या वाटेवरून जो जो गेला त्याची नोंद तिथे असते. टिटवीची तीन बोटं, घुशीच्या शेपटीची रेघ, शेणकिड्यानं घातलेली बारीक शिवण, रात्रपाळीच्या वॉचमनचे बूट. आणि कधीकधी, वाटेच्या अगदी कडेनं, दोरीत ओवल्यासारखी सरळ गेलेली लहान लहान लांबट पावलांची रांग.

ती रांग पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला वाटलं, कुत्रं असेल. इथे कुत्र्यांना तोटा नाही. मी वाकून बघत होतो तेव्हा गुरं घेऊन निघालेले एक आजोबा थांबले. त्यांनी वाकायचेही कष्ट घेतले नाहीत.

"कुत्रं न्हाय ते," ते म्हणाले. "कुत्रं एवढं नीट चालतंय व्हय? कोल्हं हाय."

"आजोबा, तुम्ही पाहिलंत त्याला?"

"बघायला कशाला पायजे? लिवलंय की तिथं."

गुरं पुढे गेली, त्यांच्या मागे आजोबाही गेले. मागावरचं निम्मं शास्त्र त्यांनी मला एका वाक्यात सांगून टाकलं होतं, हे कळायला मला पुढचं वर्ष लागलं.

पाळलेल्या किंवा गावच्या कुत्र्याला चालताना हिशेब ठेवावा लागत नाही. त्याचं अन्न ठरलेलं असतं, भीती कमी असते. तो वाटेवर इकडे हुंगतो, तिकडे वळतो, मागे धावतो, उगाच गोल फिरतो. कोल्ह्याला प्रत्येक पावलाची किंमत मोजावी लागते. रात्रभरात कित्येक किलोमीटर जायचं, मिळालेल्या उंदरा-खेकड्यावर पोट भरायचं, म्हणजे वाया घालवायला ताकद नाही. दुडक्या चालीत जाताना त्याचा मागचा पाय बहुतेक वेळा पुढच्या पायानं केलेल्या ठशातच किंवा त्याला लागूनच पडतो. चार पायांचं जनावर, पण रांग दोन पायांची वाटावी अशी. पुढचा पाय जिथे निश्चिंत टेकला तिथेच मागचा टेकला, की काटा मोडायची भीती नाही आणि आवाजही नाही. आजोबांनी लांबूनच ओळखलं ते याच काटकसरीवरून.

आता एका ठशाजवळ बसू या. सूर्य नुकताच वर आलेला हवा, आणि ठसा आपल्या आणि सूर्याच्या मध्ये यायला हवा. म्हणजे उन्हाची तिरीप समोरून येते आणि ठशाच्या कडांच्या सावल्या आपल्याकडे पडतात. दुपारी बारा वाजता हाच ठसा दिसणारसुद्धा नाही, कारण ऊन सरळ डोक्यावरून पडतं आणि सावली मरते. खिशातली काडेपेटी ठशाशेजारी ठेवायची. कोल्ह्याचा ठसा साधारण पाच सेंटिमीटर लांब आणि चार रुंद, म्हणजे काडेपेटीच्या जवळपास. खोकडाचा ठसा काडेपेटीखाली सहज लपतो. लांडग्याचा बाहेर डोकावतो.

चार बोटांच्या चार गाद्या, मागे तळव्याची एक गादी, पुढे नखांचे बारीक टोचे. नखं दिसली म्हणजे मांजरकुळ बाद. बिबट्या किंवा रानमांजर चालताना नखं आत ओढून घेतं, आणि त्यांच्या तळव्याच्या गादीची मागची कड तीन कंगोऱ्यांची असते. उरलं श्वानकुळ आणि तरस. तरसाचा पुढचा पाय मागच्यापेक्षा इतका मोठा असतो की दोन वेगळी जनावरं गेली असं वाटतं. मग प्रश्न राहतो तो कुत्रा की कोल्हा, आणि इथे निसर्गानं एक नामी खूण ठेवली आहे. कोल्ह्याच्या मधल्या दोन बोटांच्या गाद्या मागच्या बाजूला एकमेकींना जोडलेल्या असतात. कुत्र्याच्या त्या सुट्या असतात. चिखल बारीक असेल, भुकटी दबलेली असेल, तर तो जोड स्पष्ट उमटतो, दोन दाण्यांची शेंग टोकाला फुटावी आणि बुडाशी चिकटलेली राहावी तसा. तो जोड मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा अंगावर काटा आला. ज्या वाटेवरून मी दोन वर्षं गाडी चालवत कामाला जात होतो, तिच्यावर हे सगळं रोज छापलं जात होतं, रोज पुसलंही जात होतं.

इथे नावांचा एक घोळ मिटवायला हवा. आपल्या शाळेच्या पुस्तकांनी इंग्रजीतल्या 'फॉक्स'ला कोल्हा करून टाकलं आणि इसापाची द्राक्षं आपल्या कोल्ह्याच्या माथी मारली. फॉक्स म्हणजे खोकड, दोन-तीन किलोचं, माळरानावरचं, लांब झुपकेदार शेपटीचं. कोल्हा म्हणजे जॅकल, आठ-दहा किलोचा, लांडग्याचा आणि कुत्र्याचा सख्खा भाऊबंद. 'जॅकल' हा शब्दच मुळात आपल्याकडून गेलेला आहे. संस्कृतातला 'शृगाल' फारसीत 'शगाल' झाला, तुर्कीत 'चकाल' झाला आणि तिथून युरोपात पोचला. पंचतंत्रातले करटक आणि दमनक हेही कोल्हेच, आणि आठव्या शतकात ती कथा अरबीत गेली तेव्हा त्यांचे कलीला आणि दिम्ना झाले. उत्तर अमेरिकेत हीच जागा कायोटी हा प्राणी भरून काढतो. अंगानं थोडा मोठा, पण वागणं तेच: कुठेही राहीन, काहीही खाईन, दिसणार मात्र नाही.

कोल्हा काय खातो हे आपल्या शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. 'कोल्हा काकडीला राजी' ही म्हण घरात बसून सुचणारी नाही. काकडीच्या वेलापाशी पहाटे ज्यानं दात लागलेली काकडी आणि शेजारी ठसा पाहिला, त्याचीच ती. या म्हणीचा पुरावा कोल्ह्याच्या विष्ठेत मिळतो. मागावर निघालेल्या माणसाला विष्ठेइतकी बोलकी खूण दुसरी नाही आणि त्यात किळस वाटण्यासारखं काही नाही. वाळलेली विष्ठा काडीनं उकलायची, हात लावायचा नाही, नाक जवळ न्यायचं नाही, कारण त्यात जंतांची अंडी असू शकतात. कोल्ह्याची विष्ठा पिळलेल्या दोरीसारखी आणि टोकाशी निमुळती असते. तो ती लपवत नाही. वाटेतला उंचवटा, दगड, गवताचा ठोंब, दोन पायवाटा मिळतात ती जागा निवडून तो ती ठेवतो. ही त्याच्या हद्दीची पाटी असते. मार्गशीर्ष-पौषात तिच्यात बोरांच्या आठळ्याच आठळ्या मिळतात. पावसाळ्यात खेकड्यांच्या कवचाचे तुकडे, एरवी उंदरांचे बारीक दात, केस, भृंगांचे चकाकते पंख. कासारसाईच्या बाजूला ऊस उभा असताना त्यात उसाचे धागेही दिसतात. आणि हिंजवडीच्या जवळ आल्यावर एक नवीन गोष्ट दिसायला लागते, ती पाहून मन खट्टू होतं. पार्सलच्या पुड्यांचा चकचकीत कागद. माणसाचं उष्टं कोल्ह्याच्या पोटातून पुन्हा माळावर आलेलं.

ठसा कोणाचा हे कळलं की पुढचा प्रश्न, कधीचा? इथे खरी गंमत सुरू होते. ताज्या ठशाची कड धारदार असते. वारा लागला की ती ढासळते, कण आत पडतात. रात्री दव पडलं असेल तर भुकटीवर बारीक खडबडीत साय धरते. ठशाच्या आत ती साय असेल तर जनावर दव पडायच्या आधी गेलं, म्हणजे रात्रीच्या पहिल्या प्रहरात. ठशानं ती साय मोडली असेल तर पहाटे गेलं. शेणकिड्याची शिवण ठशावरून गेली असेल तर कोल्हा आधी, किडा नंतर. ठशानं शिवण तोडली असेल तर उलट. एका सकाळी मला एकाच जागी चार थर सापडले. खाली डंपरचं चाक, त्यावर कोल्हा, कोल्ह्यावर किड्याची रेघ, त्या रेघेवर वॉचमनच्या बुटाचा टाचेकडचा भाग. वॉचमन दादांना विचारलं, "रात्री फेरी कधी मारता?" ते म्हणाले, "शेवटची चारला." डंपर रात्री दहाला बंद होतात. म्हणजे कोल्हा दहा ते चारच्या मध्ये, आणि किड्याला मोठी रेघ काढायला वेळ मिळाला म्हणजे चारच्या बराच आधी. कोणी पाहिलं नव्हतं, कॅमेरा नव्हता, तरी त्या जनावराची वेळ आम्हा दोघांच्या हातात आली.

लुई लीबेनबर्ग नावाच्या दक्षिण आफ्रिकी अभ्यासकानं १९९० मध्ये एक पुस्तक लिहून मांडलं की विज्ञानाची सुरुवात मागावरच झाली. कलाहारीतल्या सान शिकाऱ्यांबरोबर फिरून त्याला दिसलं की ठसे वाचणारा माणूस आधी अंदाज बांधतो, मग पुढे जाऊन तो तपासतो, चुकला तर सोडून देतो. प्रयोगशाळेत वेगळं काय करतात? आपल्याकडे फासेपारध्यांकडे हे ज्ञान होतं, धनगरांकडे होतं, कच्छच्या रणातल्या पगींकडे होतं. रणछोडदास पगी यांनी १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत वाळूतल्या पावलांवरून भारतीय सैन्याला वाटा दाखवल्या, आणि सीमा सुरक्षा दलानं आपल्या एका चौकीला त्यांचं नाव दिलं. वनाधिकारी आणि लेखक मारुती चितमपल्ली यांनी विदर्भातल्या आदिवासींकडून आणि पारध्यांकडून जंगलाचे शब्द गोळा करण्यात आयुष्य घालवलं. शब्द गेला की त्यामागचं पाहणंही जातं, हे त्यांना कळलं होतं.

तरी ठशाला मर्यादा आहे आणि ती सांगायलाच हवी. १९७२ च्या व्याघ्रगणनेपासून तीसेक वर्षं आपल्याकडे वाघ ठशांवरून मोजले. प्रत्येक वाघाचा पंजा वेगळा, म्हणून ठसे मोजले की वाघ मोजले, असं ते तर्कशास्त्र. २००५ मध्ये कळलं की राजस्थानातल्या सरिस्कात कागदावर वाघ आहेत आणि जंगलात एकही नाही. त्यानंतर कॅमेरे आणि संख्याशास्त्र आलं. ठसा चुकत नाही, पण त्याच्याकडून आपण भलतंच उत्तर मागितलं तर फसतो. एकच कोल्हा चिखलात मोठा दिसतो, कठीण मुरमावर छोटा. तो इथून गेला, या चालीनं गेला, या वेळी गेला, हे ठसा सांगेल. माळावर एकूण किती कोल्हे, हे सांगणार नाही.

उन्हाळ्यात मात्र ठसे एक वेगळीच गोष्ट सांगू लागतात. कोल्ह्यांची जोडी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास जमते, मादी साधारण ६० ते ६३ दिवस गाभण राहते. म्हणजे उन्हं चढतात तेव्हा कुठेतरी जमिनीखाली पिल्लं असतात. एरवी कोल्ह्याची वाट माळभर पसरलेली असते, आज इथे, उद्या तिथे. पिल्लं झाली की सगळ्या वाटांना एक मध्य येतो. चाकाच्या आऱ्या तुंब्याला मिळाव्यात तशा त्या मिळायला लागतात. कुठे, हे शोधायचं असेल तर जनावराच्या मागे जायचं नाही, त्याच्या मागाच्या उलट जायचं. संध्याकाळी तो निघतो बिळातून. म्हणून दवाखालचा, म्हणजे रात्रीच्या सुरुवातीचा ठसा घ्यायचा आणि तो जिकडून आला तिकडे चालायचं. दोन-तीन सकाळी, दोन-तीन बाजूंनी. कागदावर रेघा मारल्या की त्या एकमेकींना छेदतात.

मी हे केलं ते एका एप्रिलमध्ये. तीन सकाळींच्या तीन रेघा एका कोरड्या ओढ्याकडे गेल्या. जवळ जाताना खुणा दाट होत गेल्या. आधी दगडावर एक विष्ठा, मग दहा पावलांत तीन. मग करंगळीएवढ्या बारीक विष्ठा, आणि तिथेच मी थांबलो, कारण मोठा कोल्हा इतकी बारीक विष्ठा टाकत नाही. गवत चेपलेलं, जमीन घासून गुळगुळीत झालेली. कोंबडीची पिसं, एक हाडकाचा तुकडा, आणि दातांनी चाळण केलेली एक रबरी चप्पल. पिल्लांची खेळणी. ओढ्याच्या काठाला जुन्या कामातले सिमेंटचे मोठे पाइप मुरमात अर्धे गाडलेले पडले होते. त्यातल्या एकाच्या तोंडाशी ताज्या उकरलेल्या मातीचा सुपासारखा पसारा होता. शेजारच्या पाइपच्या तोंडावर कोळ्याचं जाळं अखंड होतं. या पाइपच्या तोंडावर एक धागासुद्धा नव्हता. आत कोणीतरी ये-जा करतंय याचा इतका साधा आणि इतका पक्का पुरावा मी दुसरा पाहिलेला नाही.

कोल्हे स्वतः बीळ खणतात, पण आयतं मिळालं तर साळिंदराचं जुनं बीळ, ओढ्याची कपार, रस्त्याखालची मोरी, काहीही घेतात. साधारण दोन-तीन मीटर लांब, पुढे थोडं रुंद. पिल्लं जन्मतः आंधळी असतात, आठ-दहा दिवसांनी डोळे उघडतात. आई-बाप दोघेही खाऊ घालतात, आणि कधीकधी आदल्या वर्षीचं एखादं मोठं भावंडही घरी थांबून धाकट्यांना सांभाळतं. उंदीर तोंडात धरून आणण्याऐवजी ते बरंचसं पोटातून आणतात आणि पिल्लांपुढे ओकतात. म्हणून परतीच्या वाटेवर शिकार ओढत नेल्याची रेघ सापडत नाही. कोल्हा घरी रिकाम्या तोंडानं आणि भरल्या पोटानं जातो.

त्या संध्याकाळी मी समोरच्या उंचवट्यावर, चांगल्या दोनशे पावलांवर, वारा तोंडावर घेऊन दुर्बीण लावून बसलो. साडेसहाच्या सुमारास आयटी पार्कातून बसेस सुटायला लागल्या. त्यांचे दिवे चढावर एकामागे एक चमकत होते. आधी टिटवी ओरडली. मग पाइपच्या तोंडाशी एक कान दिसला, मग नाक, मग अख्खी मादी. तिनं वास घेतला, मागे वळून पाहिलं आणि दोन तपकिरी गोळे धडपडत बाहेर आले. एकानं दुसऱ्याच्या शेपटीला दात लावला. मादीनं आपली पाठ मुरमावर घासली. दूर हायवेच्या दिशेनं ॲम्ब्युलन्सचा भोंगा वाजला आणि मादीनं मान वर केली. आधी एकच सूर, लांब, वर चढत गेलेला. ओढ्याच्या पलीकडून नरानं उत्तर दिलं. आणि त्या दोघांच्या मध्ये पिल्लांचे चिरके, तुटके, अजून न जमणारे सूर. आपण भाषेत 'कोल्हेकुई' हा शब्द निरर्थक आरड्याओरड्याला वापरतो. मी ऐकली ती घरच्यांची हजेरी होती. भोंग्याला कोल्हे असं उत्तर देतात हे जगभर नोंदलेलं आहे. युरोपात तर अभ्यासक ध्वनिमुद्रित कुई वाजवून आणि उत्तरं मोजून कोल्ह्यांच्या टोळ्यांचा अंदाज घेतात. डेन्मार्क, नॉर्वेपर्यंत आता कोल्हा पोचला आहे.

शहराजवळ रानटी जनावर आलं की आपण म्हणतो, ते वाट चुकलं. शिकागोत स्टॅनली गेर्ट २००० सालापासून कायोटींचा अभ्यास करत आहेत. कायोटींच्या गळ्यात रेडिओ कॉलर घालून त्यांनी दाखवलं की हे प्राणी चुकून आलेले नाहीत, शहरातच जन्मतात, शहरातच म्हातारे होतात, फक्त आपल्या झोपेच्या वेळा त्यांनी वापरायला घेतल्या आहेत. सोल्जर फील्ड या मैदानासमोरच्या पार्किंगच्या इमारतीत त्यांना कायोटीची पिल्लं मिळाली. मुंबईच्या खाड्यांतल्या खारफुटीत कोल्हे आहेत. हिंजवडीतला कोल्हाही वाट चुकलेला नाही. माळ त्याचा होता, आपण त्यावर फेज टाकल्या.

त्याचा मोठा भाऊ, लांडगा, आमच्या या बाजूला मला कधी दिसला नाही. त्याचा मुलूख पुरंदर, बारामती, इंदापूर आणि पुढे सोलापूर. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळढोक अभयारण्यात बिलाल हबीब आणि सतीश कुमार यांनी लांडग्यांचा पाठपुरावा केला आणि २००७ मध्ये दख्खनच्या पठारावरचे लांडगे पिल्लांना एका बिळातून दुसऱ्या बिळात कसे हलवतात यावर शोधनिबंध लिहिला. माणसांच्या मधोमध राहणाऱ्या जनावरासाठी बीळ म्हणजे कायमचं घर नसतं. धोका वाटला की मादी एकेक पिल्लू तोंडात धरून नेते. दिवसा नेलं तर कुत्री आहेत, रात्री नेलं तर रस्ता आहे, आणि शेवटचं पिल्लू हलेपर्यंत आधीची दोन एकटी असतात.

कुत्र्यांचा प्रश्न मी टाळणार नाही, कारण माझ्या सकाळच्या ठशांमध्ये दहातले आठ कुत्र्यांचेच असतात. नान्नजलाच अबी तमीम वनक यांनी खोकडांवर काम केलं. अन्न ठेवलेलं असूनही जवळ कुत्रा असला की खोकड येणं कमी करतं आणि आलं तरी खाण्यापेक्षा मान वर करून बघण्यात वेळ घालवतं, असं त्यांच्या प्रयोगात दिसलं. कुत्र्यांतले डिस्टेंपरसारखे रोग खोकडांतही आढळले. पुण्याजवळ सासवडच्या बाजूला २०१४ मध्ये एक पिवळसर लांडगा दिसला. पुण्याच्या ग्रासलँड्स ट्रस्टनं लक्ष ठेवलं, आणि २०२३ मध्ये बेंगळुरूच्या शास्त्रज्ञांनी जनुकं वाचून तो लांडगा आणि कुत्रा यांचा संकर असल्याचं सिद्ध केलं. भारतात जनुकांवरून सिद्ध झालेला हा पहिला दाखला. कचरा उघडा टाकला की कुत्री वाढतात, आणि कुत्री वाढली की माळावरच्या या जुन्या रहिवाशांचं अन्न, आरोग्य आणि शेवटी रक्तसुद्धा बदलतं. फेज थ्रीतली कचरापेटी आणि ओढ्यातला पाइप यांच्यातलं अंतर फार नाही.

त्या संध्याकाळनंतर तिसऱ्या दिवशी मी पुन्हा दुर्बीण घेऊन ओढ्याकडे गेलो. तिथे चार तरुण मुलं होती. चांगली, उत्साही मुलं, कोणीतरी त्यांना सांगितलं होतं. ती पाइपजवळ जाऊन मोबाइलचा उजेड आत टाकत होती. मी हाक मारली तेव्हा लगेच मागे आली, माफीही मागितली. पण चौथ्या सकाळी पाइपच्या तोंडाशी ताजे ठसे नव्हते. मोठ्या पावलांची एकच रांग ओढ्याच्या वरच्या अंगाला गेलेली, परत आलेली, पुन्हा गेलेली. आठवड्यानं तिथे कोळ्यानं जाळं विणलं.

सांगणारा मीच होतो. आदल्या दिवशी चहाच्या टपरीवर मी कौतुकानं जागा सांगितली होती.

म्हणून आता मी माणच्या शिवारातला ओढा म्हणतो, त्यापुढे काही नाही. तुम्ही सकाळी फिरायला जात असाल, चाकणला कंपनीत जाताना मुरमाची वाट लागत असेल, भोसरीच्या मागे एखादी टेकडी उरली असेल, तर खाली बघा. काडेपेटी खिशात ठेवा. मधल्या दोन बोटांचा जोड शोधा, दव पाहा, किड्याची रेघ पाहा. जिथे वाटा एकत्र येऊ लागतील, विष्ठा दाट होऊ लागेल, तिथे थांबा आणि मागे फिरा. मार्च ते जून कोणत्याही बिळाच्या तोंडाशी जाऊ नका, त्यात उजेड टाकू नका, फोटो काढलात तरी जागेचं नाव ग्रुपवर टाकू नका. कोल्ह्याच्या डोक्याला शिंग नसतं. ते विकणारे आजही केस आणि कातडं चिकटवून बनवलेलं शिंग विकतात, आणि त्यासाठी कोल्हे मारले जातात. तुमची एक पोस्ट त्यांच्यापर्यंत पोचू शकते. पिल्लू एकटं दिसलं तर उचलू नका. आई बहुतेक वेळा शंभर पावलांवर असते आणि तुम्ही जायची वाट बघत असते. खरंच जखमी असेल तर महाराष्ट्र वनविभागाचा १९२६ हा क्रमांक लावा, चोवीस तास चालू असतो.

आजोबा परवा भेटले. मी विचारलं, "कोल्हं कुठं गेलं हो?" त्यांनी काठीनं ओढ्याच्या वरची बाजू दाखवली आणि भुकटीवरच्या ताज्या रांगेकडे मान केली. एका मोठ्या रांगेशेजारी दोन छोट्या रांगा होत्या.

"चाललीत नीट," ते म्हणाले.